पहिल्या पानाचा मान

मावळात नव्या माणसाला आधी नाव विचारीत नाहीत, आडनाव विचारतात. ‘पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?’ या प्रश्नात चौकशी थोडी आणि मोजमाप अधिक असते. जेधे म्हटले की रोहिडखोरे, बांदल म्हटले की हिरडस मावळ, शिळीमकर म्हटले की गुंजण मावळ, मरळ म्हटले की कानद खोरे, पासलकर म्हटले की मोसे खोरे. विचारणाऱ्याच्या मनात साडेतीनशे वर्षांपूर्वीचा नकाशा क्षणात उलगडतो आणि समोरच्या माणसाला त्यात जागा मिळते. भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातल्या दोन डोंगरी तालुक्यांत मी बरीच वर्षे हिंडतो आहे. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचे, पण एस.टी.च्या थांब्यावर माणसे अजून वेल्हेच म्हणतात.) या हिंडण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. काही आडनावे ऐकली की ऐकणारा सरसावून बसतो आणि एखादे आडनाव ऐकले की उगीचच हसतो.

खोपडे हे ते आडनाव. खंडोजी खोपडे अफजलखानाला जाऊन मिळाला, ही गोष्ट व्याख्यानांतून, पोवाड्यांतून, नाटकांतून आपल्या कानांवर इतक्या वेळा पडली आहे की, तो माणूस कोण, कुठला, त्याने तसे का केले आणि पुढे त्याचे काय झाले, हे विचारायची गरजच कोणाला वाटत नाही. या भागातल्या एका शिक्षकांनी मला सांगितले की, शिवजयंतीच्या नाटकात फितुराचे काम करायला एकही मुलगा तयार होत नाही आणि मग वर्गात त्या आडनावाचा कोणी असला तर सगळी पोरे त्याच्याकडे बोट दाखवतात. पोर हसण्यावारी नेते. घरी गेल्यावर बापाला काय विचारते, ते शिक्षकांना ठाऊक नव्हते.

एका माणसाने १६५९ साली घेतलेल्या निर्णयाचे माप एकविसाव्या शतकातल्या शाळकरी मुलाच्या पदरात पडावे, हे काही न्यायाचे नाही. पण मला इथे खोपड्यांची वकिली करायची नाही. खंडोजी चुकला, आणि त्याची शिक्षा त्याला मिळाली. सांगायचे आहे ते वेगळे आहे. ही घराणी ज्या भूमीत वाढली ती सीमेवरची भूमी होती. तिथली वैरे खरी होती आणि ती मिटवली गेली हेही खरे आहे. आपण मात्र वैराची गोष्ट एकतर दडपतो, नाहीतर एखाद्याच्या कपाळी चिकटवून मोकळे होतो.

भोरच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कणा आहे आणि त्याच्या बरगड्यांसारख्या डोंगररांगा पूर्वेकडे उतरत येतात. दोन रांगांच्या मध्ये एक नदी आणि त्या नदीचे खोरे म्हणजे एक मावळ. वरंधा घाटाकडून येणाऱ्या नीरेच्या काठचा हिरडस मावळ, भोरच्या दक्षिणेला रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या कुशीतले रोहिडखोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे, राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणीच्या काठचा गुंजण मावळ, तोरण्याखालचे कानद खोरे. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड चढावी लागे. खिंडीच्या अलीकडे एक देशमुख आणि पलीकडे दुसरा.

देशमुखी म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. देशमुखाने खोऱ्यातला सारा गोळा करायचा, राजाला पोचवायचा, वेळ पडली तर माणसे जमवून लढायला जायचे. देशपांड्याने हिशेब लिहायचा. त्याबद्दल दोघांना हक्क, मानपान आणि इनाम जमिनी. हे सारे वंशपरंपरेने चाले, पण त्याला राजाची सनद लागे. इथेच मेख होती. राजा एकच असेल तर सनदही एकच. पण सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत या डोंगरांना राजा एक नव्हता. ढोबळमानाने नीरेच्या उत्तरेला अहमदनगरची निजामशाही आणि दक्षिणेला विजापूरची आदिलशाही, वरून मोगल उतरत होते. आज ठाणे एकाचे, उद्या दुसऱ्याचे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि शहाजहानशी झालेल्या तहाने भीमा आणि नीरा यांच्या मधला मुलूख आदिलशाहीकडे गेला. पुण्याचा धनी बदलला की मावळातल्या वाड्यांना धास्ती पडे: आपली सनद नव्या दरबारात चालेल काय? की आपल्याच चुलतभावाने आधी जाऊन नवी सनद करून आणली असेल?

चुलतभावाने तसे केलेले असण्याची शक्यता बरीच असे. एकाच वतनावर दोन दरबारांच्या सनदा घेऊन दोन भाऊ गोतसभेपुढे उभे राहत. मग साक्षी, शपथा, आणि शेवटी तापलेल्या तुपातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य. ज्याचा हात भाजला नाही तो खरा. हे झाले कायद्याचे. गोतसभेपर्यंत न पोचणाऱ्या भांडणांचा निकाल खिंडीत लागे.

जेधे आणि बांदल यांचे वैर या मातीतून उगवलेले. कारीचे जेधे रोहिडखोऱ्याचे, बांदल शेजारच्या हिरडस मावळाचे. मध्ये शीव एकच. शिवेवर गुरे चरतात, रान असते, पाण्याचा ओढा असतो; भांडणाला कारण शोधत जावे लागत नाही. दोन्ही घराण्यांत माणसे मेली. शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाचा जितका राग येतो तितका दिल्ली-विजापूरच्या बादशहाचा येत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. विजापूरचा बादशहा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. शेजाऱ्याने मात्र आपला बांध कोरलेला असतो.

या वैराची बरीचशी माहिती आपल्याला जेध्यांच्याच कागदांतून मिळते. कारीच्या जेधे देशमुखांनी १९०७ च्या सुमारास आपल्या घरातली जुनी शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि १९१६ साली ती छापली गेली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, हे मत पुढे रुजले त्याला मोठा आधार या शकावलीचा. शकावलीसोबत जेध्यांचा करीना आहे. करीना म्हणजे घराण्याची हकिकत. अ. रा. कुलकर्णी यांनी १९९९ साली या दोहोंचे एकत्र संपादन केले. करीना वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो वतनाचा हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेला कागद आहे. त्यात जेध्यांची बाजू जेध्यांनी मांडली आहे. हिरडस मावळातून पाहिले असते तर तेच प्रसंग निराळे दिसले असते. पण एवढे मान्य करूनही त्या करीन्याचे मोठेपण उरतेच, कारण आपल्या घराण्याचा मान कमी झाल्याचा प्रसंग त्यांनी त्यात नोंदवून ठेवला आहे. त्याकडे येतो.

बांदल आरंभापासून शिवाजीराजांच्या बाजूला नव्हते. राजांनी रोहिड्यावर चाल केली तेव्हा कृष्णाजी बांदल त्यांच्याविरुद्ध लढला, असे परंपरा सांगते. बाजीप्रभू देशपांडे हे त्याच बांदलांचे, हिरडस मावळाचे देशपांडे. म्हणजे घोडखिंडीचा वीर पहिल्या अंकात राजांच्या विरुद्ध बाजूला उभा होता. कोणा शाहिराने आपला पोवाडा तिथेच संपवला असता, तर आज बांदल हे आडनाव ऐकून लोक हसले असते! गोष्ट कोणत्या साली थांबवायची, यावर घराण्याची अब्रू ठरते. हे सूत्र जेध्यांनाही लागू आहे. १६५९ साली जेध्यांनी जे केले त्याला तोड नाही, पण पुढे संभाजी महाराजांच्या काळात त्याच घरातली माणसे मोगलांकडे गेली आणि महाराजांना जेध्यांना कडक शब्दांचे पत्र लिहावे लागले. सीमेवरचे कोणतेही घर तीन पिढ्या एकाच बाजूला राहिल्याचे उदाहरण शोधूनच काढावे लागेल.

आता १६५९. आदिलशाहीने अफजलखानाला मोठ्या फौजेनिशी रवाना केले आणि मावळच्या देशमुखांना फर्माने पाठवली. कान्होजी जेध्यांच्या नावचे फर्मान १६ जून १६५९ चे आहे. खानाच्या हुकमाप्रमाणे वागा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका, असा त्याचा आशय. हा खान मावळच्या माणसांना अनोळखी नव्हता. तो आधीपासून वाईचा सुभेदार होता, आणि वाई म्हणजे रोहिडखोऱ्यातून रायरेश्वराचा डोंगर ओलांडला की पलीकडे. ज्याची फौज डोंगराच्या पलीकडे तळ देऊन आहे, ज्याच्या शिक्क्याने आजवर सनद चालली आहे, त्याच्याविरुद्ध एकोणतीस वर्षांच्या तरुणाच्या बाजूने उभे राहायचे की नाही, हा प्रश्न होता. पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तो निर्णय आपल्याला सोपा वाटतो. त्या उन्हाळ्यात कारीच्या नाहीतर उत्रौलीच्या वाड्यात बसलेल्या माणसाला तो सोपा नव्हता.

कान्होजी पाच मुलांना घेऊन राजांकडे गेला आणि फर्मान पुढे ठेवले. वतनाचे काय, असे राजांनी विचारल्यावर त्याने वतनावर पाणी सोडले. बायकामुले तळेगावी हलवली. मग इतर देशमुखांना बोलावून त्यांची समजूत घातली. या समजूत घालण्याला फार महत्त्व आहे. त्या बैठकीत पिढ्यांचे हाडवैरी समोरासमोर बसले असणार. कोणाच्या चुलत्याला कोणी मारले, हे दोघांनाही ठाऊक. बांदल आले. शिळीमकर, मरळ, पासलकर आले. खंडोजी खोपडे गेला तो खानाकडे.

खंडोजी कोण होता? रोहिडखोऱ्याच्या देशमुखीचे दोन भाग होते. एक जेध्यांचा, दुसरा भोरजवळच्या उत्रौलीच्या खोपड्यांचा. म्हणजे तो कान्होजीचा अर्ध्या वतनाचा वाटेकरी. अशा दोन माणसांत एक राजांकडे गेला की दुसरा विरुद्ध बाजूला जाणार, हे जवळपास ठरलेले. यात निष्ठा किती आणि वाटणीचा हिशेब किती, हे कोणी सांगू शकणार नाही. खानाची बाजू जिंकती तर सबंध खोरे खोपड्यांचे झाले असते.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान मारला गेला. खंडोजी लपून राहिला. शेवटी गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकरांनी सोयरिकीखातर कान्होजीकडे रदबदली केली, आणि कान्होजीने राजांकडे शब्द टाकला. या जागी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. खंडोजी मेला असता तर फायदा कान्होजीचा होता. शेजारचा हिस्सा रिकामा झाला असता, कायमची कटकट मिटली असती आणि कोणी कान्होजीला बोल लावला नसता. तरीही हा माणूस आपल्या हिस्सेदाराचे प्राण मागायला गेला. राजांनी त्याच्या शब्दाखातर जीवदान दिले आणि खंडोजीचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला. तलवार धरणारा हात आणि शत्रूकडे चालत गेलेला पाय. आपण पोवाड्यात हात-पाय तोडल्याचे ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. रदबदली कोणी केली, ते मात्र गाळतो.

पुढल्या वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याच्या वेढ्यातून राजे विशाळगडाकडे निसटले आणि घोडखिंडीत बांदलांच्या जमावाने वाट रोखून धरली. बाजीप्रभू पडले, बांदलांची माणसे पडली. दरबारात तलवारीच्या मानाचे पहिले पान तोवर जेध्यांचे होते; अफजलखानाच्या प्रसंगातली ती कमाई. घोडखिंडीनंतर राजांनी ते पहिले पान बांदलांना दिले. जेध्यांना सांगून, त्यांची संमती घेऊन दिले. जेध्यांनी मान सोडला, तोही कोणाला, तर शिवेपलीकडच्या बांदलांना. हा प्रसंग जेध्यांच्या करीन्यात आहे. घराण्याचा हक्क सांगायला बसलेल्या लेखणीने घराण्याचा सोडलेला मानही लिहिला, हे मला त्या कागदातले सर्वांत मोलाचे वाक्य वाटते. हाडवैर नुसते होते असे म्हणून भागत नाही, नव्हते म्हणूनही भागत नाही. होते, म्हणूनच त्या पानाला अर्थ आहे.

सीमेवरच्या माणसांचे हे दुखणे मावळापुरते नाही. जर्मनी आणि पोलंड यांच्यामधला सायलेशिया हा प्रांत घ्या. अप्पर सायलेशियात २० मार्च १९२१ रोजी सार्वमत झाले: जर्मनीत राहायचे की पोलंडमध्ये जायचे? सुमारे साठ टक्के मते जर्मनीला पडली, चाळीस टक्के पोलंडला. गंमत अशी की, घरात पोलिश बोलणाऱ्या कितीतरी लोकांनी जर्मनीला मत दिले होते. भाषेवरून निष्ठा ठरते असे समजणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना हे कोडे कधी उलगडले नाही. सार्वमताच्या आगेमागे तीन उठाव झाले आणि अखेर प्रांताची वाटणी झाली. गावात कोण कोणत्या बाजूला होते, याच्या आठवणी पुढे अनेक वर्षे माणसांच्या मानगुटीवर बसून राहिल्या.

पोलिश माणसे मराठी मुलखाला अगदीच परकी नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुले. ही माणसे पोलंडच्या पूर्व सीमाभागातली. १९४० साली सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरियाकडे हाकलले होते. युद्ध संपले तेव्हा त्यांचा मुलूख पोलंडमध्ये उरलाच नव्हता. सीमाच पश्चिमेला सरकली होती. त्याच पूर्वभागातल्या दुसऱ्या लाखो पोलिशांना पश्चिमेकडे नेऊन जर्मनांनी रिकाम्या केलेल्या घरांत बसवले गेले. ब्रेस्लाऊ या जर्मन शहराचे व्रोत्सवाफ झाले. हाकलून दिलेल्यांच्या घरांत हाकलून दिलेलीच माणसे राहायला आली. ताटल्या, पलंग, भिंतीवरची घड्याळे दुसऱ्याची.

युद्धात पोलंडचे जवळपास साठ लाख नागरिक मेले होते, त्यांतले निम्मे ज्यू. मावळच्या देशमुखांच्या भांडणाशी याची बरोबरी कोणी करू नये, मीही करीत नाही. तरी एक गोष्ट सारखी आहे. १९६५ च्या नोव्हेंबरात पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि स्वतःही क्षमा मागितली. ज्याच्यावर अधिक अन्याय झाला त्याने पहिले पाऊल टाकले. त्यांच्याच देशातल्या सरकारने त्यांच्यावर आग पाखडली. आपण कशाची क्षमा मागायची, असा सवाल रस्त्यारस्त्यांवर विचारला गेला. डिसेंबर १९७० मध्ये जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. १९७२ मध्ये दोन्ही देशांतल्या इतिहासकारांचा शालेय पुस्तकांसाठी आयोग स्थापन झाला. एकत्र इतिहासाचे पुस्तक व्हायला मात्र आणखी चार दशके लागली. त्याचा पहिला भाग २०१६ साली निघाला, चौथा २०२० साली. आपल्याकडे अनेकांना वाटते की जुन्या गोष्टी उकरल्या की तेढ वाढते. त्या आयोगाने वर्षानुवर्षे उकरण्याचेच काम केले आणि त्यातून शाळेत वापरता येईल असे पुस्तक निघाले.

आमच्याकडे काय चालते? २०२२ साली ‘हर हर महादेव’ हा चित्रपट आला तेव्हा त्यातल्या चित्रणावर जेधे आणि बांदल या घराण्यांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला. त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. पडद्यावर वैर दाखवायचे तर ते भडक करून दाखवायचे, ही चित्रपटवाल्यांची सवय जुनी आहे. पूर्वजांना तसे रंगवलेले पाहून कोणाला बरे वाटेल? २०२५ मध्ये ‘छावा’ आला आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली. दिग्दर्शकाने त्यांची माफी मागितली. या दोन्ही वेळी मला एक गोष्ट खटकत राहिली. एकेका वेळी एकेका घराण्याची हरकत, एकेक माफी, एकेक दृश्य कापण्याची मागणी. उद्या खोपड्यांचे वंशज उभे राहतील, परवा आणखी कोणी. सगळ्यांच्या हरकती मान्य करत गेलो तर सतराव्या शतकात या डोंगरांत भांडण नावाची वस्तूच नव्हती असा इतिहास उरेल. मग जेध्यांनी बांदलांना पहिले पान देण्यात विशेष ते काय? भांडण नसलेल्या शेजाऱ्याला मान देणे ही साधी रीतभात झाली.

आणि चित्रपटवाल्यांनाही एक विचारावेसे वाटते. बादशहाकडे गेलेला देशमुख म्हणजे डोळे बारीक करून हसणारा, मिशीला पीळ देणारा खलपुरुष, हे तुम्हाला कोणी शिकवले? तो माणूस बहुधा झोप उडालेला, बायकोशी चिडचिड करणारा, दोन्हीकडची फर्माने उशाखाली ठेवणारा असणार. असा खंडोजी कोणी नटाने एकदा उभा करावा. त्याने त्याची चूक कमी होणार नाही. प्रेक्षकाला आपल्या घरातले कोणीतरी आठवेल एवढेच.

देशमुख्या आता कोणाच्याच नाहीत. १६९७ साली शंकराजी नारायण सचिव झाले आणि हा डोंगरी मुलूख हळूहळू पंतसचिवांच्या ताब्यात गेला. त्यातून भोर संस्थान झाले. राजगड, तोरणा, रोहिडा हे गड संस्थानात होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली. ज्या शिवांसाठी डोकी फुटली त्यांतल्या काही आज पाण्याखाली आहेत. वेळवंड खोऱ्याचा तळ १९२८ साली भाटघरच्या धरणाने बुडवला, हिरडस मावळचा बराच भाग नीरा-देवघरच्या पाण्याने. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी जोती, देवळांचे कळस वर येतात. भांडायला जमीनच उरली नाही, आडनावे तेवढी उरली.

माझी सूचना साधी आहे. जेध्यांचे कागद छापले गेले म्हणून आज आपल्याला त्या वैराबद्दल आणि त्या पानाबद्दल बोलता येते. पण ती हकिकत एका वाड्याची आहे. बांदलांकडे, शिळीमकरांकडे, मरळांकडे, पासलकरांकडे आणि खोपड्यांकडे जे काही उरले असेल, महजर, सनदा, तक्रारी, निवाडे, ते सगळे एका जागी, एकाच पुस्तकात, एकमेकांसमोर छापावे. एका घराण्याची कैफियत डाव्या पानावर, त्याच प्रसंगाची दुसऱ्याची कैफियत उजव्या पानावर. त्यात परस्परविरोधी विधाने निघतील, निघू द्यावीत. खोपड्यांच्या पानावर काय लिहिलेले निघेल, याचे मला सर्वांत जास्त कुतूहल आहे. आंबवड्याला शाळांच्या सहली येतात, मुले झुलत्या पुलावर उड्या मारतात. तिथेच कान्होजी जेध्यांची समाधी आहे. तिथे गुरुजींनी मुलांना अफजलखानाची गोष्ट जरूर सांगावी, पण रदबदलीचा भाग गाळू नये. पाच मिनिटे जास्त लागतात.

वाड्यांतून अजून पेट्या आहेत. मी दोन-तीन पाहिल्या. एकीत रुमालात बांधलेले मोडी कागद होते, कडा खाल्लेल्या. घरातले आजोबा म्हणाले, ‘आमच्यात कुणाला वाचता येत न्हाय. तुमी वाचा, पर बाहीर काय न्यायचं न्हाय.’ त्यांची भीती समजते. कागद नेला की वतन जाते, ही मावळातली जुनी शहाणीव. पण आता छायाचित्र काढायला कागद घराबाहेर न्यावा लागत नाही. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करते आहे. एखाद्या सुट्टीत चार विद्यार्थी ओसरीवर बसले तर एका पेटीतले कागद दोन दिवसांत टिपून होतात. पावसाळ्याच्या आधी हे झाले तर बरे, कारण भोर-वेल्ह्याच्या पावसात छपराचे कौल कधी सरकेल, ते सांगता येत नाही.